नव्या टाकीत उपयुक्त जिवाणू रुजवताना : इंदूरचे पाणी, आरओचे पाणी आणि अडून बसलेले नायट्राइट

मालव्यातली (धागा सुरू करणारी)

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगर भागात राहतो. दिवाळीनंतर घरात साधारण १०० लिटर पाणी मावेल अशी काचेची टाकी बसवली आहे. तळाशी बारीक वाळू आहे, मागे लटकवायचा फिल्टर असून त्यात स्पंज आणि सिरॅमिक रिंगा आहेत, शिवाय एअर पंप आणि २७ अंशांवर ठेवलेला हीटर आहे. मासे अजून सोडलेले नाहीत. आधी जिवाणू रुजवायचे आणि मगच मासे आणायचे, असे घरात सर्वांच्या संमतीने ठरले आहे. मुलांनीही ते मनापासून मान्य केले आहे.

जिवाणूंना खाद्य म्हणून अमोनिया लागतो, त्यासाठी शुद्ध अमोनियम क्लोराईड वापरले आणि दर वेळी पाण्यात अमोनिया सुमारे २ पीपीएम (म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम) होईल इतपतच घातले. एका स्नेह्यांच्या जुन्या टाकीतला स्पंज आमच्या टाकीत पिळून घेतला होता. सुरुवातीला सर्व काही वाचल्याप्रमाणे घडले : अमोनिया उतरला, त्यापासून बनणारे नायट्राइट दिसू लागले, अमोनिया पुन्हा घातल्यावर तोही उतरला. त्यानंतर मात्र सगळे थांबले. आता अमोनिया २ वर स्थिर आहे, नायट्राइटचा रंग पाणी तपासण्याच्या किटमधील सर्वांत गडद, म्हणजे ५ पीपीएमच्या खुणेशी जुळतो, आणि रोज तपासले तरी दोन्हींत काही फरक पडत नाही.

पाणी इतके नितळ आहे की टाकी रिकामी असावी असा भास होतो. ज्या दुकानातून सामान घेतले तेथे सांगण्यात आले की, पाणी असे स्वच्छ दिसते म्हणजे टाकी तयार आहे, निश्चिंतपणे मासे सोडा. मला ते पटलेले नाही. आमच्याकडे बोरिंगचे पाणी फार जड आहे, म्हणून त्याच दुकानाच्या सल्ल्यावरून संपूर्ण टाकी घरच्या आरओच्या पाण्याने भरली आहे. कामाचे जिवाणू मरून गेले असतील का, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काचपेटी

ताई, मासे सोडले नाहीत हे फार चांगले केलेत. आज त्या टाकीत जो मासा जाईल तो बहुधा आठवडा काढणार नाही.

पाण्याचा नितळपणा आणि टाकीची तयारी यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे सर्वप्रथम स्पष्ट करतो, कारण इंदुरात काय किंवा अन्यत्र काय, नव्या टाकीतले सर्वाधिक मासे याच गैरसमजापायी दगावतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असतात आणि त्यांना रंग नसतो, त्यामुळे मासा मारण्याइतके विष असलेले पाणीसुद्धा नळाच्या पाण्यासारखेच दिसते. उलट, नव्या टाकीत काही दिवस जो दुधाळ गढूळपणा येतो तो सेंद्रिय पदार्थांवर जगणाऱ्या, झपाट्याने वाढणाऱ्या वेगळ्याच जिवाणूंचा असतो. तो ओसरला म्हणजे आपल्याला हवे असलेले जिवाणू आले, असे मुळीच नाही.

आपल्याला हवे असलेले जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत, रिंगांच्या खडबडीत पृष्ठभागावर, वाळूच्या कणांवर, काचेवर चिकट पातळ थर करून राहतात, आणि ज्या जागेवरून प्राणवायू असलेले पाणी सतत वाहत राहते ती जागा त्यांना सर्वांत मानवते. म्हणूनच एखाद्याच्या जुन्या टाकीतले नुसते पाणी बादलीभर आणून ओतल्याने फारसे काही साधत नाही, मात्र त्याच टाकीतला मळकट स्पंज मिळाला तर कित्येक आठवडे वाचतात. हे विरजणासारखेच काम आहे, फक्त ते एका रात्रीत लागत नाही.

या जिवाणूंच्या दोन पायऱ्या १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की यांनी दाखवून दिल्या : एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या पायरीसाठी नायट्रोबॅक्टरचे नाव असते, पण गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. पुढे २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. ही सर्व मंडळी अतिशय सावकाश वाढतात. नासक्या अन्नातले जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, आणि यांना मात्र सर्व काही मनासारखे असले तरी अनेक तास, बरेचदा पूर्ण दिवस लागतो. नव्या टाकीला साधारण चार ते सहा आठवडे लागतात ते यामुळेच.

तुमच्या टाकीतले जिवाणू मेले असावेत असे मला वाटत नाही. पीएच (पाणी आम्लधर्मी आहे का ते दाखवणारा आकडा) आणि केएच (पाण्यातील बायकार्बोनेटचे माप) किती आहे ते मोजून सांगाल का? संपूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरली आहे, हे वाक्य वाचून मला एक शंका आली आहे.

मालव्यातली

धन्यवाद काचपेटी. आत्ताच मोजले. पीएचचा रंग किटमधील सर्वांत खालच्या, म्हणजे ६ च्या खुणेशी जुळतो, कदाचित प्रत्यक्षात त्याहूनही कमी असेल. केएचच्या चाचणीत पहिल्याच थेंबाला रंग पालटला. टाकी भरली तेव्हा पीएच ७ च्या जवळपास होता.

प्रयोगशाळा

काचपेटी यांची शंका बरोबर ठरली. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे आणि हा प्रकार मला सविस्तर मांडावासा वाटतो, कारण आरओचे पाणी शुद्ध म्हणून चांगले, या समजुतीने मालव्यातल्या पुष्कळ टाक्या अशाच अडून बसतात.

जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात तेव्हा आम्ल तयार होते. हे आम्ल पाण्यातील बायकार्बोनेट शोषून घेते, म्हणून पीएच स्थिर राहतो. आपण ज्याला केएच म्हणतो तो या बायकार्बोनेटच्या साठ्याचाच मापदंड आहे. अमोनियातील १ मिलिग्रॅम नायट्रोजनचे रूपांतर होताना कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने सुमारे ७.१ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे हाच साठा, खर्ची पडते. ताईंनी दर वेळी २ पीपीएम अमोनिया घातला, त्यात नायट्रोजन साधारण १.६५ मिलिग्रॅम होते, म्हणजे प्रत्येक लिटरमागे जवळपास १२ मिलिग्रॅम क्षारता दर खेपेला संपली. केएचचा एक अंश म्हणजे सुमारे १८ मिलिग्रॅम. घरगुती आरओच्या पाण्यात जेमतेम एक-दीड अंश असतो, त्यामुळे दोन-तीन खेपांत साठा संपून जाणे हे अगदी हिशेबाला धरून झाले.

साठा संपला की पीएच घसरतो. घसरलेल्या पीएचला अमोनिया जवळजवळ पूर्णपणे अमोनियम आयनाच्या रूपात जातो, आणि हे जिवाणू मुख्यतः अमोनियाचे मुक्त रूप वापरतात, आयनाचे नाही. म्हणजे किट २ पीपीएम दाखवत असले तरी जिवाणूंच्या दृष्टीने ताट जवळजवळ रिकामे असते. पीएच ६.५ च्या खाली हे काम मंदावते आणि ६ च्या खाली बहुतेक थांबतेच. जिवाणू अशा अवस्थेत काही काळ तग धरून राहतात. त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची काही गरज नाही.

उपाय सांगतो. निम्मे पाणी काढून टाका आणि त्या जागी नर्मदेचे नळाचे पाणी, क्लोरीन काढून, भरा. नायट्राइटही त्यामुळे निम्मे होईल. ते फार चढले म्हणजे दुसऱ्या गटाचे काम रेंगाळते, तेव्हा पाणी बदलल्याने जिवाणू कमी होतील ही भीती मनातून काढून टाका, कारण ते पाण्यात नसून स्पंजात आहेत. तरीही केएच ३ अंशांच्या खाली राहिला तर खाण्याचा सोडा वापरा : १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा घातला की केएच सुमारे एक अंशाने वाढतो. टाकीत मासे नाहीत म्हणून हे एका दिवसात करता येते. मासे असते तर मी असे मुळीच सुचवले नसते, कारण २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तर पीएच ८ झाल्यावर पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे त्याच पाण्याचे विष सुमारे दहापट होते.

हिरवळ

चर्चा उत्तम चालली आहे. मी वनस्पती असलेल्या टाक्या ठेवतो, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो.

अमोनियम क्लोराईड मोजून घालणे ही पद्धत निर्विवाद काटेकोर आहे, परंतु प्रत्येकाला तिची आवश्यकता नसते. सुरुवातीपासून टाकीत भरपूर, झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती लावल्या, उदाहरणार्थ व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, तरंगणारी पिस्टिया, तर त्या अमोनियम थेट शोषून घेतात आणि पहिल्या आठवड्यांतला धोका पुष्कळ कमी होतो. शिवाय त्यांच्या पानांवर आणि मुळांवर जिवाणूही येतातच. टाकीच्या कडेला पोथॉसची, म्हणजे आपल्या मनीप्लांटची, मुळे पाण्यात सोडली तरी पुढे नायट्रेट आटोक्यात राहण्यास मदत होते.

मात्र दुकानातून आणलेल्या वनस्पती नव्या पाण्यात गेल्यावर पहिले काही आठवडे बरीच जुनी पाने टाकून देतात आणि ती सडली तर अमोनिया कमी होण्याऐवजी वाढतो, एवढे लक्षात ठेवावे. पिवळी पाने वेळच्या वेळी कापून काढावीत.

प्रयोगशाळा

हिरवळ यांच्याशी सहमत आहे. फक्त एक गोष्ट जोडतो : वनस्पतींच्या भरवशावर मासे लवकर सोडायचे असतील तरी मोजमाप टाळता येत नाही. वनस्पती वाढत आहेत की नुसत्या जगून आहेत, हे नवीन माणसाला नजरेने ओळखता येत नाही. किटला ते बरोबर कळते.

नवशिक्या

मी सर्वांची चर्चा वाचतो आहे. माझी परिस्थिती वेगळी आहे. वाढदिवसाला कुणीतरी मुलीला दोन गोल्डफिश आणि ६० लिटरची टाकी भेट दिली, त्यामुळे आधी जिवाणू रुजवण्याची संधीच मिळाली नाही. सोबत जिवाणूंची एक बाटली दिली होती, ती सूचनेप्रमाणे ओतली. आज अमोनिया १ पीपीएम आहे, नायट्राइट शून्य आहे, पीएच ७.८ आहे. मासे पृष्ठभागाजवळ येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. नर्मदेचे पाणी वापरतो. काय करावे, हे कुणी सांगेल का? मुलगी शाळेतून आली की आधी टाकीजवळ जाते, त्यामुळे मासे वाचावेत अशी मनापासून इच्छा आहे.

काचपेटी

नवशिक्या, हा संदेश वाचत असाल तर पुढचे वाचण्याआधी निम्मे पाणी बदला. क्लोरीन काढलेले आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचे पाणी घ्या. पीएच ७.८ ला १ पीपीएम अमोनिया गोल्डफिशच्या कल्ल्यांना इजा करण्यास पुरेसा आहे, आणि पृष्ठभागावर येऊन तोंड उघडणे हे त्याचेच लक्षण असू शकते. एअर पंप नसेल तर आजच आणा.

आता सविस्तर. मासा शरीरातला बहुतांश अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, म्हणजे खाणे दिले तितका अमोनिया वाढतो. म्हणून पुढील काही आठवडे खाणे दिवसाआड आणि चिमूटभरच द्या, गोल्डफिश तेवढ्याने उपाशी मरत नाहीत. रोज अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही मोजा. दोहोंची बेरीज अर्ध्या पीपीएमच्या वर गेली की त्याच दिवशी तिसरा किंवा निम्मा भाग पाणी बदला. जिवाणूंना खाण्याला काही उरणार नाही, असे समजू नका, कारण मासे अखंड अमोनिया सोडतच असतात आणि अर्धा पीपीएमसुद्धा जिवाणूंना पुष्कळ होतो. नायट्राइट दिसू लागले की १०० लिटरला १० ग्रॅम या प्रमाणात, म्हणजे तुमच्या टाकीत ६ ग्रॅम, साधे मीठ विरघळवून घाला. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. मिठातील क्लोराईड कल्ल्यांशी नायट्राइटची वाट अडवते. पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्याच्या प्रमाणातच मीठ पुन्हा घाला, बाष्पीभवनाने मीठ कमी होत नाही.

बाटलीविषयी. बाजारात दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एका प्रकारात बीजाणू धरणारे बॅसिलस जातीचे जिवाणू असतात. ते वर्षानुवर्षे बाटलीत टिकतात आणि गाळ कुजवण्यास मदत करतात, पण अमोनियाचे नायट्राइट करणे हे त्यांचे काम नाही. दुसऱ्या प्रकारात खरोखर नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे, जिवाणू असतात, परंतु ते बीजाणू धरत नाहीत, म्हणून त्यांचे आयुष्य मर्यादित असते आणि उष्णता त्यांना सोसत नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा ४० च्या वर असताना ट्रकमधून आणि गोदामातून आलेल्या बाटलीत किती जिवंत उरतात, याची खात्री मला तरी वाटत नाही. बाटली घ्यायचीच असेल तर बाटलीवर नायट्रोसोमोनास किंवा नायट्रोस्पायरा यांची नावे आहेत का आणि मुदतीची तारीख काय आहे, हे पाहून, थंडीच्या दिवसांत घ्यावी. ओळखीच्या माणसाच्या निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळत असेल तर तो माझ्या मते कोणत्याही बाटलीपेक्षा श्रेष्ठ.

नर्मदेच्या पाण्याविषयीही येथेच लिहून ठेवतो, कारण इंदूरच्या लोकांना ते उपयोगी पडेल. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर पार करून, विंध्याचा चढ चढवून आलेले हे पाणी आपल्या कामाचे आहे. माझ्या घरी त्याचा पीएच ७.८ च्या आसपास आणि केएच ६ ते ८ अंशांच्या दरम्यान येतो, आणि नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंना याहून सोयीचे पाणी मागूनही मिळणार नाही. अडचण एकाच गोष्टीची, ती म्हणजे क्लोरीन. पाणी दिवसाआड येत असल्याने आपण सगळे ते गच्चीवरच्या टाकीत साठवतो आणि साठवणीत काही क्लोरीन उडून जातो, पण नळ आल्या आल्या थेट भरलेल्या पाण्यात तो निश्चित असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरणे अपेक्षित आहे. माणसासाठी ते सुरक्षित आहे, पण जिवाणूंच्या थराला आणि माशांच्या कल्ल्यांना नाही. बादल्यांत भरून एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावून एक दिवस ठेवावे, किंवा अँटिक्लोरीन वापरावे. सुटा सोडियम थायोसल्फेट घेत असाल तर १ पीपीएम क्लोरीनसाठी लिटरला साधारण ७ मिलिग्रॅम हे प्रमाण पुरते.

याच कारणासाठी फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये. पाणी बदलताना टाकीतूनच काढलेले पाणी बादलीत घ्या, त्यात स्पंज दोन-चारदा हलकेच पिळा, तपकिरी गाळ सुटला की परत बसवा. पांढराशुभ्र होईपर्यंत चोळायचा नाही, तो तपकिरी रंगच ठेवायचा आहे. फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवा.

नवशिक्या

काचपेटी, आपले मनःपूर्वक आभार. पाणी बदलले, एअर पंप लावला. मासे आता मध्यावर फिरत आहेत. शेजारच्या काकांकडे जुनी टाकी आहे, त्यांनी स्पंज द्यायचे कबूल केले आहे. त्यांच्या टाकीत मागे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता असे ते म्हणाले. तो स्पंज आणावा का?

काचपेटी

रोग अलीकडचा असेल तर आणू नका. दोन-तीन महिने उलटून गेले असतील आणि त्यानंतर तेथील मासे ठणठणीत असतील तर आणण्यास हरकत नाही. आणताना स्पंज टाकीच्या पाण्यात बुडवून, ओला ठेवून आणा आणि तासाभरात तुमच्या फिल्टरमध्ये बसवा, वाटेत वाळू देऊ नका. त्यांनी औषध म्हणून मिथिलीन ब्लू थेट त्या टाकीत घातले होते का, तेही विचारा. ते निळे औषध नायट्रीकरणाच्या जिवाणूंना मारक आहे, आणि आपल्याकडे मासा जरा मलूल दिसला की दुकानातून तेच हातात देतात. औषधोपचार नेहमी वेगळ्या टबमध्ये करावा.

मालव्यातली

सर्वांना नमस्कार. प्रयोगशाळा सरांनी सांगितल्याप्रमाणे निम्मे पाणी नर्मदेच्या पाण्याने बदलले आणि थोडा खाण्याचा सोडा घातला. केएच ४ झाला, पीएच ७.४ वर आला. लगेचच अमोनिया उतरू लागला आणि दोन-तीन दिवसांत शून्यावर आला. नायट्राइट मात्र अजून गडद जांभळेच आहे. नायट्रेटच्या चाचणीत ८० पीपीएम दिसते. इतके नायट्रेट तयार झाले असेल तर नायट्राइट का कमी होत नाही, हे समजत नाही. आमच्या बोरिंगच्या पाण्यात काही दोष आहे का म्हणून तेही तपासले, त्यात नायट्रेट ४० निघाले.

प्रयोगशाळा

ताई, तुम्ही बोरिंगचे पाणी तपासलेत हे फार बरे झाले. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ते मर्यादेच्या आत, पण काठावर आहे. ज्यांच्याकडे फक्त बोरिंग आहे त्यांनी टाकी भरण्याआधीच हा आकडा लिहून ठेवावा. नाहीतर टाकी तयार झाल्यावर दिसणारे नायट्रेट जिवाणूंनी केले की जमिनीतूनच आले, हे सांगता येत नाही.

आता तुमच्या ८० कडे वळू. द्रव किटमधील नायट्रेटची चाचणी आधी नायट्रेटचे नायट्राइट करते आणि मग त्या नायट्राइटचा रंग दाखवते. पाण्यात आधीच भरपूर नायट्राइट असेल तर ते सगळे नायट्रेट म्हणून मोजले जाते. त्यामुळे नायट्राइट शून्याजवळ येईपर्यंत नायट्रेटचा आकडा विश्वासार्ह मानू नका. त्या चाचणीच्या एका बाटलीत तळाशी न विरघळणारी पूड बसते, ती बाटली जोरात आणि चांगली अर्धा मिनिट हलवावी लागते, अन्यथा उलट फार कमी आकडा येतो.

नायट्राइट खरोखर किती आहे ते पाहण्यासाठी टाकीचे पाणी एक भाग आणि आरओचे पाणी चार भाग मिसळून चाचणी करा, आणि येईल त्या आकड्याला पाचाने गुणा. आणखी एक हिशेब ध्यानात असू द्या : २ पीपीएम अमोनियाचे पूर्ण रूपांतर झाले की ५.४ पीपीएम नायट्राइट तयार होते, कारण नायट्राइटचा रेणू जड असतो. तीन खेपांचे नायट्राइट साठत गेले तर १५ च्या वर जाते आणि किट मात्र ५ वरच अडकून राहते, त्यामुळे घट सुरू झाली तरी ती तुम्हाला दिसत नाही.

मालव्यातली

पातळ करून मोजले, सुमारे १० निघाले. म्हणजे आकडा खरोखरच किटच्या पलीकडे होता.

काचपेटी

मग आणखी एकदा निम्मे पाणी बदला आणि अमोनियाची मात्रा तूर्त १ पीपीएमवर आणा. नायट्राइट घटवणारा गट पहिल्या गटामागून येतो आणि त्याहून धिमा असतो, बहुतेकांचा धीर याच टप्प्यावर सुटतो. तुमच्या पद्धतीने सगळे नोंदवत राहिलात तर घट सुरू झाल्याचे एक दिवस अचानक लक्षात येईल. तो गट एकदा पुरेसा वाढला की जांभळा रंग एक-दोन दिवसांत फिका निळा होतो.

हीटर चालू ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचा पारा १० च्या खाली जातो, उघड्या खोलीतल्या टाकीचे पाणी २० च्या खाली उतरते आणि जिवाणूंची वाढ फार मंदावते. शिवाय वीज गेली तर काय करायचे ते आताच ठरवून ठेवा. फिल्टर बंद पडला की त्यातल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही, आणि बंद डब्याच्या फिल्टरमध्ये काही तासांतच पाणी कुजू लागते. इन्व्हर्टरवर निदान एअर पंप तरी जोडून ठेवावा. फार वेळ वीज नसेल तर स्पंज काढून सरळ टाकीत, एअर स्टोनजवळ सोडावा.

हिरवळ

एक प्रश्न वाचनात वारंवार येतो म्हणून विचारून घेतो. कल्हईवाल्यांकडे मिळणारा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईडच. तो चालेल का?

प्रयोगशाळा

रासायनिकदृष्ट्या वस्तू तीच, पण कल्हईच्या नवसागरात कोणती भेसळ असेल हे सांगता येत नाही, आणि धातूंच्या क्षारांचा अंश माशांना, विशेषतः झिंग्यांना आणि गोगलगायींना बाधतो. रसायनांच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाचा मिळतो आणि एका लहान डबीत अनेक टाक्या तयार होतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा-पाऊण ग्रॅम वजन नीट होत नाही, म्हणून ६ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून ठेवावा. या द्रावणातील १०० मिलिलिटर १०० लिटरच्या टाकीत घातले की अमोनिया जवळपास २ पीपीएम होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावी.

मालव्यातली

आनंदाची बातमी आहे. काल संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घातला आणि आज संध्याकाळी अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य. खात्री व्हावी म्हणून मुलांना रंग ओळखायला लावले, त्यांनीही तेच सांगितले. नायट्रेट आता ६० च्या आसपास आहे. घरात सर्वांना एंजल फिश आणि निऑन टेट्रा हवे आहेत. एकदम सगळे आणले तर चालतील का?

काचपेटी

अभिनंदन. आता तीन-चतुर्थांश पाणी बदला, म्हणजे नायट्रेट १५ च्या आसपास येईल, आणि दुसऱ्याच दिवशी मासे आणा. मध्ये आठवडाभर टाकी रिकामी ठेवली तर अमोनियाअभावी जिवाणूंचा जोर ओसरतो. उशीर होणारच असेल तर रोज थोडा अमोनिया घालत राहा.

२ पीपीएम एका दिवसात पचवणारी टाकी १०० लिटरला योग्य इतके मासे एकदम सांभाळू शकते, तरीही मी निऑन टेट्रा आधी सोडायला सांगणार नाही. ते पाण्यातल्या बदलाला नाजूक असतात आणि टाकी दोन-तीन महिने जुनी झाल्यावर चांगले तगतात. प्रथम प्लॅटी किंवा झेब्रा डॅनिओ यांचा लहान कळप आणा, पहिले दोन आठवडे दिवसाआड अमोनिया आणि नायट्राइट मोजा, मग पुढचे मासे. एंजल मोठे झाल्यावर लहान निऑन गिळतात, म्हणून दोहोंपैकी एकाचीच निवड घरात आधी करून घ्या. केएच महिन्यातून एकदा मोजायचा, आणि ३ च्या खाली गेला तर पाणी बदलताना नर्मदेच्या पाण्याचे प्रमाण वाढवायचे.

फिल्टरमध्ये जागा असेल तर एक जास्तीचा लहान स्पंज आजच टाकून ठेवा. महिनाभरात त्यावर थर येईल. पुढे नवे मासे वेगळे ठेवण्यासाठी टब मांडायचा झाला तर तोच स्पंज तिकडे लावता येईल, किंवा नवशिक्या यांना शेजाऱ्यांकडचा स्पंज मिळाला नाही तर तो त्यांना देता येईल.

नवशिक्या

काकांनी स्पंज दिला, रोग होऊन वर्ष उलटले होते आणि निळे औषध त्यांनी वेगळ्या बादलीतच वापरले होते. आज अमोनिया पाव पीपीएम आहे आणि पहिल्यांदाच नायट्राइटचा हलका जांभळा रंग दिसला. ६ ग्रॅम मीठ आत्ताच घालू की पाणी बदलल्यावर?

काचपेटी

आधी पाणी बदला, मग मीठ मगभर पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेजवळ हळूहळू ओता. माशांच्या अंगावर थेट पडू देऊ नका. उद्याचे आकडे येथेच लिहा.